येस म्हणजे नेमकं काय, अक्का?

अक्का, आधी भांडून घेतो तुझ्याशी, मग रडायचं ते रडतो. ही काय जायची पद्धत झाली? पाहुण्याला आवतन देऊन ठेवायचं, पुढच्या रविवारी असं काही ऐकवते की तव्यावरची भाकर करपेल असं रेडिओवरून सगळ्यांना सांगून मोकळं व्हायचं, आणि मग आपण निघून जायचं? मागे कोण राहिलं, बघितलंस का? मी राहिलो. पुतण्याच्या साखरपुड्यात 'दोन शब्द बोला' म्हटल्यावर कनातीखालून सटकलेला माणूस.

आज रविवार. कार्यक्रम सकाळी झाला. झाला असं म्हणतो खरा, पण काय झालं ते माझं मलाच अजून नीट उमगलेलं नाही. समोरचा चहा निवून गेलाय. तुला सगळं सांगायचंय, पण थोडं मागून यावं लागेल. भीती एका दिवसात नाही ना आली.

तू आमच्या त्या छोट्याशा केंद्रावर पहिल्यांदा आलीस तेव्हा मी कन्सोलवर बसणारा माणूस होतो. बटणं सरकवायची, आवाज कमीजास्त करायचा, गाणं लावायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तू धुळ्याची, चित्रकला शिकवून रिटायर झालेली, खांद्याला शबनम, तोंडात बडीशेप. मी अदबीनं म्हटलं, "तुम्ही इथं बसा." तू चष्म्यावरून बघितलंस. "माले तुम्ही म्हनू नको रे. म्हातारी व्हयी गयासारखं वाटस." तेव्हापासून तू 'तू' झालीस. बडीशेप मात्र सोडली नाहीस. माईकसमोर कुडुमकुडुम चावायचीस आणि मी काचेपलीकडून हातवारे करायचो.

केंद्राच्या सरांनी विचारलं होतं, कार्यक्रम कशाचा म्हणायचा? संगीताचा, चित्रकलेचा, साहित्याचा? तू म्हणालीस, "बठ्ठं." सरांना वाटलं नावच ते. तुमच्या अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं, हे कुणी त्यांना सांगेपर्यंत दारावर पाटी लागलीसुद्धा. तेच नाव राहिलं. दर रविवारी सकाळी तू "बठ्ठासले रामराम" म्हणायचीस आणि पुढचा तासभर काय होणार ते तुलाही ठाऊक नसायचं. मला तर त्या तासात घाम फुटायचा.

कोण कोण आणलंस! कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्रांचा खडखडाट मोबाईलवर भरून घेऊन त्यातून गाणी रचणारा जामनेरचा तो इंजिनिअर. गोधडी शिवताना टाका मोजायला गाणं म्हणणाऱ्या दोघी जावा, ज्या अर्ध्या कार्यक्रमात एकमेकींवर रुसल्या आणि उरलेल्या अर्ध्यात एका सुरात गायल्या. आणि तो पाट्या रंगवणारा पेंटर! त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझ्याशी मोठ्यानं भांडलो. "अक्का, रेडिओवर पेंटर? लोक काय बघतीन? आवाजाचं काम हाय आपलं!"

"मंग आवाज लाव ना त्याना," तू म्हणालीस.

त्याच्यासमोर पत्रा ठेवला, पत्र्याजवळ माईक धरला, आणि तू ऐकणाऱ्यांना म्हणालीस की हा आता एक अक्षर काढतोय, ब्रश ऐका आणि कोणतं ते फोन करून सांगा. मी कपाळावर हात मारला. ब्रश पत्र्यावर सरसर फिरला, थांबला, परत फिरला. आणि बोदवडहून एका बाईचा फोन आला. "दोन पोटं काढले भाऊनं. ळ असंन." ळच होता! पेंटर खुर्चीतून उठून उभा राहिला, तू टाळ्या पिटत होतीस, आणि मी आत एकटाच हसत होतो. तुला दिसू नये म्हणून खाली वाकून वायरी तपासतोय असं दाखवलं.

हे तुला सांगायचं राहिलं, अक्का. मला तुझा कार्यक्रम फार आवडायचा. मी तोंड वाकडं करून बसायचो, 'आता काय नवीन खूळ' म्हणायचो, पण शनिवारी संध्याकाळपासून माझं डोकं रविवारीच असायचं. बायको म्हणायची, अक्का येनार म्हनून इस्त्रीचा शर्ट काढला वाटते. हे तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही. बोलायला काय हरकत होती, सांग? पण माझं बोलणं हे असंच, घशाच्या अलीकडे येऊन बसतं.

त्यावरूनच आपलं कायमचं भांडण. तुझं म्हणणं, तू बोल. माझं म्हणणं, मी बटणांवर बरा आहे. दर दोन-चार रविवारी तू मधूनच काचेतून बोट दाखवून म्हणायचीस, "आते आमना मुकुंदा सांगी." आणि मी घाईघाईनं गाणं लावून टाकायचो. कार्यक्रम संपल्यावर तू अंगावर यायचीस. "घाबरस काय रे? माईक काय चावस का तुले?"

"चावते, अक्का. मले चावते," मी म्हणायचो.

तू हसायचीस. पण मी गंमत करत नव्हतो. माईक उघडला आणि आपल्याकडे बोलायला काही नसलं, तर ती जी शांतता असते ना, तिची मला लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी भीती वाटते. पलीकडे माणसं कान लावून बसलीयत आणि इकडे काहीच नाही. तू गेल्यापासून ही भीती फक्त स्टुडिओतली राहिली नाही. घरात कुकरची शिट्टी थांबली तरी जीव दचकतो.

आता ते सारंगीवाल्याचं सांगतो, कारण सगळी गफलत तिथून आहे.

आठवतं ना? कोलकात्याचा होता. भुसावळला कुणाच्या तरी मैफलीला आलेला, तू त्याला रिक्षात घालून, रेल्वेत घालून थेट आपल्याकडे आणलंस. त्याला मराठी येत नव्हती, हिंदी आणि इंग्रजी यायची. माईक बंद होता, रेडिओवर कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती चालू होती. तुला पाणी प्यायला जायचं होतं. तू उठलीस आणि सवयीनं म्हणालीस, "येस." तुमच्याकडे निघताना म्हणतात तसं. येस म्हणजे येते, आत्ता येते. त्याला वाटलं, बाई इंग्रजीत 'येस' म्हणाल्या, म्हणजे सुरू करा. त्यानं डोळे मिटले आणि गज ओढला.

आणि काय वाजवलं, अक्का! तू दारातच थिजलीस, हातात पेला. मी काचेपलीकडे. माईक उघडायला हात पुढे केला आणि तू मान हलवलीस, नको. मधेच घुसू नको. तिकडे अख्खं जळगाव बोंडअळी ऐकत होतं आणि इकडे आपण दोघंच ती सारंगी ऐकत होतो. त्याचं संपलं, त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "ठीक गया?" तुझ्या डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, परत वाजवायला सांगू. तू म्हणालीस, असं परत नसतं मागत. मग माईक उघडून तू लोकांना सरळ सांगून टाकलंस की आत्ता इथे फार सुंदर वाजलं, ते तुम्हाला मिळालं नाही, चूक माझ्या भाषेची आहे. लोक आठवडाभर त्यावरून हसत होते. रस्त्यात भेटलं की म्हणायचे, काय मुकुंदभाऊ, येस का? मीही हसायचो. तो शब्द पुढे माझ्या मानगुटीवर बसणार आहे, हे मला काय ठाऊक!

गेल्या रविवारनंतर तू अचानक आजारी पडलीस; दवाखान्यात तुला बघायला आलो ती दुपार होती. तुझी भाची बाजूला बसलेली, नर्स सलाईन बघत होती, तुझ्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, हातातल्या बांगड्या काढून पिशवीत ठेवलेल्या. तुझा हात मी इतका रिकामा कधी बघितला नव्हता. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण सकाळीच सरांनी सांगितलं होतं: रविवारी 'बठ्ठं' थेट झालं तर पुढे बघू, नाही झालं तर तो तास गाण्यांच्या फर्माईशीला देऊन टाकू, अक्का बऱ्या झाल्या की काय ते ठरवू. सर वाईट नाहीत. पण एकदा गेलेला तास परत मिळत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

म्हणून वाकलो आणि विचारलं. आता त्याची लाज वाटते, तिथं विचारायची ही गोष्ट होती का? पण विचारलं. "अक्का, रविवारचं मी एकट्यानं करू काय वं?"

तू डोळे उघडलेस. मास्कमधून आवाज आला, "येस."

बस. तेवढंच. मी बाहेर आलो, पायऱ्यांवर बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला.

तुला धुळ्याला नेलं. मी आलो होतो. गर्दीत मागे उभा होतो आणि कुणी मला बोलायला सांगेल म्हणून घाबरत होतो. कुणी सांगितलं नाही. परत येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून एकच विचार करत होतो, ती काय म्हणाली?

भाचीला विचारलं. ती म्हणाली, "काका, आमच्याकडे निघताना असंच म्हणतात. अक्का निघाली होती." दवाखान्यातली नर्स पुन्हा भेटली, ती म्हणाली, आजींनी स्पष्ट 'यस' म्हटलं, तुम्ही काहीतरी विचारलं त्याला हो म्हणाल्या. माझी बायको म्हणाली, "येस म्हंजे येते. अक्काले वाटलं असंन, आपन रविवारपर्यंत बरं होऊन येतो." तिघींचं तीन. कुणाचं खरं मानू? तू मला परवानगी दिलीस? निरोप घेतलास? की मी येतेय, थांब म्हणालीस? परवानगी असेल तर मला बोलावं लागणार. निरोप असेल तर... आणि येते असेल तर त्याचा विचारच करवत नाही मला. या आठवड्यात केंद्राचं दार वाजलं की मी उठून उभा राहायचो.

पाहुण्याचं तर वेगळंच. तू मला एवढंच सांगितलं होतंस की साक्रीच्याही पलीकडे, डोंगरात राहणारा एक म्हातारा आहे, पावरी वाजवतो. भोपळा, दोन नळ्या आणि पुढे शिंग, असं हातांनी हवेत काढून दाखवलं होतंस. कुणाच्यातरी लग्नात तू त्याला ऐकलंस आणि तिथंच रविवार ठरवलास. फोन नाही, पत्ता नाही. "तो ई जाई," तू म्हणालीस. येईल तो. त्याला कळवू तरी कसं, की तू नाहीस?

बायको काल म्हणाली, "नसन जमत त सांगून द्या सायबाले. जीव घेते काय कोनी?" ती प्रेमानंच म्हणाली. मी रात्री ठरवलं होतं की सांगून टाकायचं. सकाळी अंघोळ करून केंद्रावर गेलो ते हेच सांगायला. सर दारात भेटले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अक्कांबद्दल चार वाक्यं बोला सुरुवातीला. मी मुद्दाम आधी काही जाहीर केलं नाही. त्यांच्या कार्यक्रमातच लोकांना कळू द्या." आता यावर काय सांगणार?

तुझ्या खुर्चीत बसलो नाही. बाजूची ओढली. कन्सोलवर नवीन मुलगी होती, तिनं काचेपलीकडून बोट वर केलं. लाल दिवा लागला. अक्का, चार वाक्यं मी पाठ केली होती. अंघोळीत, मोटरसायकलवर, जिन्यात म्हणत आलो होतो. माईक उघडला आणि एकही सापडेना. ती शांतता सुरू झाली, काचेपलीकडची मुलगी डोळे मोठे करून बघायला लागली, आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहितीये?

"नमस्कार. अक्का येतायत."

देवा रे! हे मी बोललो. मेलेल्या माणसाबद्दल, साऱ्या जिल्ह्याला. कानात तुझा तो एक शब्द घुमत होता, तोच बाहेर पडला. सर बाहेरच्या खोलीत ताडकन उठल्याचं मला काचेतून दिसलं. मी हातानं खूण केली, गाणं लाव. मग आणखी एक लाव. म्हातारा अजून आला नव्हता. मधे मधे मी वेळ सांगितली, हवामान सांगितलं, केंद्राचं नाव तर इतक्यांदा सांगितलं की मुलीला हसू आलं. आणि फोन लागायला लागले. अक्का किती वाजता येतील? आम्ही स्वयंपाक थांबवलाय. कुणी म्हणालं, अक्कांना सांगा, परवाच्या त्या बासरीवाल्याचं परत लावा. प्रत्येक फोनला ती मुलगी माझ्याकडे बघायची. मी मान खाली घालायचो. इतका भ्यालो होतो की उठून जावं, बस पकडावी आणि पहूरला आईजवळ जाऊन झोपावं असं वाटत होतं.

गाणं चालू असतानाच वॉचमन त्याला घेऊन आला. धोतर, डोक्याला फेटा, काखेत फडक्यात गुंडाळलेली पावरी, पाय धुळीनं पांढरे. एसटी बंद पडली म्हणाला, शेवटचा पल्ला पिकअपनं आला. त्यानं खोलीभर बघितलं आणि जाऊन बरोब्बर तुझ्या समोरच्या खुर्चीत बसला. तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. आत्ता सांगावं, मी मनात म्हटलं. गाणं संपायच्या आत सांगावं. नाही सांगवलं. पाणी दिलं, "बसा आबा" म्हटलं, आणि गाणं संपलं.

लाल दिवा.

"आज आपल्याकडे आबा आलेत," मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच तो. "साक्रीच्या पलीकडून. पावरी वाजवतात. आबा, वाजवता ना?"

तो हसला. घरी त्याची बोली वेगळी असणार, पण बोलला अहिराणीच, बहुधा तुझ्याशी तशीच बोलला असेल. "वाजाडसू ना. पन अक्का कोठे शे?"

मी माईकची वायर सरळ केली.

"त्या पिकअपवाला भाऊना मोबाईलमा आयकं मी," तो म्हणाला. "तूच सांगं ना, अक्का येस म्हनीसन. तिले दखाडानं शे. येऊ दे तिले. तवलोंग थांबस मी."

आणि तुला वाजवून दाखवायची म्हणून पावरी मांडीवर आडवी ठेवून, हात त्यावर ठेवून तो खरंच थांबला, अक्का. निवांत. दिवसभर थांबला असता. माईक उघडा. काचेपलीकडच्या मुलीनं गाण्यावर बोट ठेवून मला नजरेनं विचारलं, लावू? सर तिच्या मागे उभे. मी मान डोलावली तर गाणं लागणार होतं, आणि मी आयुष्यभर हेच केलंय. मी खुर्ची पुढे ओढली, तिचा आवाज माईकमधून गेला असेल. समोर तो म्हातारा दाराकडे बघत होता, तू येशील म्हणून. तिकडे किती घरांत तुझी वाट बघत होते. आणि माईकसमोर ते ठाऊक होतं फक्त मला.

"आबा," मी म्हणालो. "अक्का नाही येनार. अक्का वारली."

त्यानं दाराकडची नजर माझ्याकडे वळवली.

"मी खोटं बोललो मघाशी," मी म्हणालो. "घाबरलो व्हतो. वारली अक्का. धुळ्याले नेलं तिले. मी व्हतो तिथं."

त्यानं फेटा सरळ केला, पुन्हा केला. मी रडत होतो, ते सगळ्यांना ऐकू जात होतं, आणि माईक उघडा होता. कुणी बंद केला नाही. मग त्यानं मांडीवरची पावरी उचलली, तिच्याकडे बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, "मंग आते मी कोनले वाजी दखाडू?"

"मले," मी म्हणालो.

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"मंग नीट आयक," तो म्हणाला.